पोर्तुगालची ट्रिप आणि दोन अन्नपूर्णा

आमच्यापासून तिसऱ्या घरात राहणारं जोडपं मोठ्या ट्रिपला निघालं, की त्यांचे देव आमच्याकडे मुक्कामाला येतात. गेली नऊ वर्षं हा रिवाज आहे. अमाल्फी म्हटलं की लोकांना समुद्र आठवतो, लिंबं आठवतात. मला आठवतो स्टीलचा एक गोल डबा, त्यात जुन्या मऊ रुमालात गुंडाळलेले पाच देव, आणि तो डबा माझ्या हातात देणाऱ्या वहिनींच्या डोक्यावरची गवताची रुंद हॅट. इथे अमेरिकेत, आमच्या नोव्हायमध्ये अजून बर्फ वितळलेलं नसतं, पण हॅट चढलेली असते.

देव बंद घरात एकटे ठेवायचे नाहीत, असं वहिनींना त्यांच्या सासूबाईंनी लग्नात बजावलं होतं. बंद घर म्हणजे चार दिवस माहेरपण, एवढाच अर्थ त्या माउलीच्या डोळ्यांपुढे असणार. तीन आठवडे क्योटो तिच्या हिशेबात नव्हतं. आणि मीही नव्हतो.

हा शेजारी आणि मी एकाच महिन्यात एकाच कंपनीत लागलो. गाड्यांचे सुटे भाग बनवणारी कंपनी. तो सेल्समध्ये, मी क्वालिटीत. पूर्वी तो अगदी माझ्यासारखा होता. पट्ट्याला फोनचं पाकीट लावायचा. नायगाराला आम्ही दोन्ही कुटुंबं एका व्हॅनमधून गेलो होतो, मोटेलच्या एका खोलीत आठ जण झोपलो होतो, आणि मॅनेजर आला तेव्हा त्यातले चार जण बाथरूममध्ये उभे होते. तिथे बाथटबमध्ये उभं राहून हसू दाबणारा माणूस म्हणजे हाच. पुढे तो अठ्ठावन्नाव्या वर्षी रिटायर झाला आणि त्याच्या अंगात लिनन आलं. लिननचा शर्ट चुरगळलेलाच चांगला दिसतो, हे ज्ञान त्याला कुठून झालं कोण जाणे. मी गुपचूप तसाच शर्ट आणला. बायको म्हणाली, "अहो, इस्त्री करायला विसरलात वाटतं."

"आम्ही टूरिस्ट नाही रे, ट्रॅव्हलर आहोत," असं तो म्हणतो. म्हणतो म्हणजे माझ्याचसमोर, माझ्याच सोफ्यावर बसून. मी एकदा बसने युरोप केला होता. दहा दिवसांत सात देश. त्यातले पार्किंग लॉट मला अजून ओळखता येतील. हा अकरा खोल्यांच्या हॉटेलात उतरतो. अकराच. बारा खोल्यांचं हॉटेल त्याला गर्दीचं वाटतं. बॅग प्रत्येकी एक, तीही हातात मावणारी. आमच्या प्रवासाच्या आयुष्यात बॅगा म्हणजे प्रत्येकी दोन, वजनकाट्यावर पन्नास पौंडांना टेकलेल्या, आणि ठिकाण कायम एकच: पुणे.

मोठ्या ट्रिपांच्या मध्ये त्याच्या छोट्या ट्रिपा असतात. शुक्रवारी दुपारी निघायचं, सँटा फे किंवा चार्ल्सटन किंवा कुठल्यातरी द्राक्षाच्या मळ्यात दोन रात्री काढायच्या आणि रविवारी संध्याकाळी गालांवर ऊन घेऊन परत यायचं. दोन रात्रींना देवांची हरकत नसते, असा त्यांचा स्वतःचा एक नियम आहे.

आता कबूल करायला हरकत नाही. ते जिथे गेले असतील तिथलं हवामान मी रोज फोनवर बघतो. तिथे पाऊस असला की मला चहा चांगला लागतो. एकदा ते ग्रीसमध्ये होते आणि तिथे दोन दिवस फेरीबोटी बंद पडण्याइतकं वारं सुटलं, त्या शनिवारी मी आपणहून गॅरेज आवरलं, इतका उत्साह आला होता. माझ्या बायकोने मात्र नऊ वर्षांत त्यांच्या ट्रिपांबद्दल एक वावगा शब्द काढला नाही. देव आले की ती त्यांना आमच्या देवांशेजारी मांडायची, रोज न्हाऊ घालायची, दुधाचा नैवेद्य दाखवायची. हेवा वाटण्याचं खातं आमच्या घरात माझ्याकडेच आहे, असं मी धरून चाललो होतो.

या एप्रिलमध्ये ते पोर्तुगालला गेले आणि त्याच सुमारास बायको हर्नडनला, मुलीकडे. मुलीला दुसरं बाळ झालं होतं. म्हणजे पंधरा दिवस घरी मी आणि दहा देव.

पहिल्या दिवशी पाहुण्यांचा डबा मी किचन काउंटरवर, मायक्रोवेव्हशेजारी ठेवला. म्हटलं, प्रवासातून आलेत, जरा पडू देत. दुसऱ्या दिवशी आमच्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर पहिला फोटो आला. निळा स्विमिंग पूल, त्याच्या पाण्याला लागूनच समुद्राचं पाणी, मध्ये कठडा नाही की काही नाही, आणि कडेला लिननमधला माझा मित्र. खाली अठ्ठावीस जणांचे हात जोडलेले, डोळ्यांत बदाम असलेले चेहरे. देवांचा डबा तसाच राहिला. तिसऱ्या दिवशी वहिनी भिंतीवरच्या निळ्या फरशांसमोर, साडी नव्हे, ड्रेस नव्हे, काहीतरी झुळझुळीत नेसून. मी ड्राइव्हवेच्या कडेला साठलेलं काळं बर्फ फावड्याने फोडलं आणि देवांना म्हटलं, तुमचे मालक मजेत आहेत, तुम्हीही आराम करा. खरं सांगायचं तर मी त्यांच्यावर राग काढत होतो. माणसांवर काढायची हिंमत नव्हती.

रात्री व्हिडिओ कॉलवर बायको विचारायची, "त्यांचे देव न्हाऊ घातलेत ना?"

"हो तर."

"आणि दूध?"

"दिलं की."

मागून मुलगी डोकावून म्हणाली, "बाबा, यू लुक गिल्टी."

"तुमच्या फोनचा कॅमेरा खराब आहे," मी म्हटलं.

बायको शनिवारी दुपारी परत येणार होती, ते दोघं रविवारी. शनिवारी सकाळी मी डबा उघडला. देव काळवंडले होते. आमचेही काही फार उजळ नव्हते, कारण बायको नसताना त्यांच्या वाट्याला मी आलो होतो. मग मी एका मोठ्या बाऊलमध्ये चिंचेचा कोळ आणि मीठ कालवलं आणि दहाच्या दहा देव त्यात सोडले. सगळे एकदम. पंधरा दिवसांची कसर दहा मिनिटांत काढायची म्हणजे दुसरा उपाय नव्हता.

दहा मिनिटं मी ठरवली होती, पण तेवढ्यात ग्रुपवर पोर्तुगालचा शेवटचा फोटो आला. सूर्यास्त, दोन ग्लास, चार पाय. खाली इंग्रजीत लिहिलं होतं की काही ठिकाणं आपण शोधत नाही, ती आपल्याला शोधतात. यावर काहीतरी खोचक आणि तरीही प्रेमळ लिहावं म्हणून मी बसलो. "पायांना सनबर्न नको रे होऊ देऊ" असं लिहिलं, खोडलं. "आम्हालाही एखादं ठिकाण शोधत असेल, पत्ता देऊन ठेव" असं लिहिलं, तेही खोडलं. त्यात हेवा दिसत होता. शेवटी जोडलेले हात टाकले. या साहित्यनिर्मितीत पाऊण तास गेला.

मग बाऊल सिंकमध्ये नेला आणि जुन्या टूथब्रशने एकेक देव घासला. काय उजळले म्हणून सांगू! गुलाबी-पिवळे, नुकतेच ओतल्यासारखे. मी त्यांना टॉवेलवर ओळीने मांडलं आणि वेगळं करायला घेतलं. आमचा गणपती गुटगुटीत, त्यांचा उभट. आमच्या बाळकृष्णाच्या हातातला लाडू झिजलेला, त्यांचा शाबूत. पिंडींचं माप वेगळं. टाकावरच्या देवी वेगळ्या. राहिल्या दोन अन्नपूर्णा.

दोन्ही बोटभर उंचीच्या. दोन्ही मांडी घालून बसलेल्या, दोघींच्या हातात मांडीवर आडवी धरलेली पळी, दोघींचे चेहरे सारखे तृप्त. त्या काळी प्रत्येक मुलीला लग्नात आईने द्यायच्या अन्नपूर्णा बहुतेक एकाच कारखान्यात होत असाव्यात. यांच्यातली एक माझ्या बायकोला तिच्या आईने दिलेली. छत्तीस वर्षांचं हळदकुंकू तिच्या पदराच्या घड्यांत बसून काळंलाल झालं होतं. तिला मी एरवी कुठेही ओळखलं असतं. आता ते हळदकुंकू सिंकच्या जाळीतून खाली गेलं होतं. आणि बायकोची आई गेल्या वर्षी गेली होती. अगदी शेवटी ती फोनवर माझ्या बायकोला सारखं एकच विचारायची, "माझी अन्नपूर्णा नीट आहे ना गं?"

मी स्टुलावर बसलो.

तीस वर्षं मी पगार घेतला तो दोन सारख्या दिसणाऱ्या वस्तूंमधला फरक शोधण्याचा. बेसमेंटमधून व्हर्नियर कॅलिपर आणला. उंची मोजली, बैठकीचा व्यास मोजला, किचनच्या काट्यावर वजन केलं. फरक सापडला, दोन ग्रॅमचा. पण आमची जड की त्यांची? कारखान्यात प्रत्येक भागाला नंबर असायचा, ड्रॉइंग असायचं, नमुना कपाटात कुलपात असायचा. इथे सासूबाईंनी काही कागद दिला नव्हता. मग जुने गणपतीचे फोटो काढले आणि दोन बोटांनी मोठे करकरून पाहिले. प्रत्येक फोटोत अन्नपूर्णेसमोर कुणीतरी मोदकांचं ताट ठेवलेलं.

अडीच वाजता गॅरेजचं दार वाजायच्या आत मी एक अन्नपूर्णा आमच्या देव्हाऱ्यात ठेवली आणि दुसरी रुमालात गुंडाळून डब्यात. कुठल्या निकषावर? जिच्याकडे बघून मला जास्त अपराधी वाटत होतं, ती आमची धरली.

रविवारी सकाळी बायकोने पूजा केली. मी डायनिंग टेबलवर बसून पाठीकडून तिच्याकडे पाहत होतो. तिने एकेक देव ताम्हनात घेतला, न्हाऊ घातला, पुसला. अन्नपूर्णेला जरा वेळ लागला. मग म्हणाली, "चकचकीत केलेत हो."

"चिंच," मी म्हटलं.

"दिसतंय."

एवढंच. सुटलो, असं मला वाटलं, आणि सुटल्याचं जेवढं बरं वाटायला हवं तेवढं वाटेना.

संध्याकाळी ती दोघं डबा घ्यायला आली. देव न्यायला आलेल्यांनी आमच्याकडे जेवून जायचं, हाही रिवाज, आणि जेवणानंतर टीव्हीवर फोटो दाखवायचे, हा त्याहून मोठा. पिठलं-भात खाताना शेजारी म्हणाला, "यार, तिकडे एक म्हातारी तिच्या घरी जेवू घालते. बोर्ड नाही, मेन्यू नाही. फक्त सहा माणसं."

"इथेही बोर्ड नाही," मी म्हटलं, "आणि चारच माणसं."

तो मोठ्याने हसला. तो मनाने इतका चांगला आहे की त्याचा धड हेवाही करता येत नाही, आणि याचा मला वेगळा हेवा वाटतो. मग फोटो झाले. दोनशे दहा. बायको प्रत्येक फोटोला "अय्या, किती छान" म्हणत होती. निळ्या फरशांची ती भिंत आली तेव्हा मात्र तिने, "जरा थांबवा ना," असं म्हटलं आणि पुढे होऊन टीव्हीजवळ जाऊन पाहिलं. मी डब्याकडे बघत होतो. जाताना वहिनींनी तो उचलला, कपाळाला लावला, "भावोजी, तुमच्या जिवावर आम्ही फिरतो हो," म्हणाल्या आणि गेल्या. मी त्यांना दार उघडून दिलं.

सोमवारी बायकोने हात जोडले. मंगळवारी जोडले. ती ज्या मूर्तीपुढे डोळे मिटून पुटपुटते आहे ती कदाचित वहिनींच्या आईची आहे, आणि तिच्या आईची तिसऱ्या घरात, हे मला माहीत आणि तिला नाही. लिस्बनमध्ये सलग पाऊस पडला असता तरी चहा गोड लागला नसता. बुधवारी सकाळी ती फुलं वाहत असतानाच मी म्हटलं, "थांब जरा. ती अन्नपूर्णा बहुतेक आपली नाही."

तिने फूल वाहिलं. मग माझ्याकडे न वळता म्हणाली, "बहुतेक कशाला? नाहीच आहे."

"म्हणजे तुला..."

"रविवारीच कळलं. आपलीची पळी टोकाला वाकलेली आहे. तुमच्या लेकीला दात येत होते तेव्हा ती तिनं चावली होती."

"हे मला कधी सांगितलं नाहीस."

"तुम्ही ऑफिसात होतात."

मी उंची मोजली होती, व्यास मोजला होता, वजन केलं होतं. पळीचा वाक तपासायचा राहिला. "मग रविवारी ते आले तेव्हा बोलली का नाहीस? डबा समोर होता!"

तिने ओल्या बोटांनी उगाच निरांजन सरळ केलं.

"छत्तीस वर्षांत ती या देव्हाऱ्यातून कुठे गेली नाही," ती म्हणाली. "आईकडून निघाली ती इथे येऊन बसली. तिच्या समोर दरवर्षी दुसऱ्यांच्या अन्नपूर्णा येतात, राहतात, जातात. म्हटलं जाऊ दे हिलाही चार दिवस. तीन घरं पलीकडे का होईना." मग पदराला हात पुसत, अगदी सहज, पुढे म्हणाली, "त्या निळ्या फरशा बघितल्यात तुम्ही? मी किती वर्षांपासून तशा फरशांचे फोटो कापून ठेवतेय."

नव्हत्या बघितल्या. मी त्या भिंतीसमोरच्या वहिनींचे कपडे बघितले होते, तिकिटाचा अंदाज केला होता, हवामान बघितलं होतं. आणि आमच्या घरातलं हेव्याचं खातं मी एकटा सांभाळतो आहे, या समजुतीत नऊ वर्षं काढली होती. तिचं खातं माझ्याहून जुनं निघालं. फक्त ती त्यावर रोज दूध आणि फुलं वाहत होती.

दुपारी आम्ही त्यांच्याकडे गेलो. दारात दोन बॅगा उभ्या होत्या, हातात मावणाऱ्या. शुक्रवारी ती दोघं सव्हानाला निघणार होती. वहिनींना मी सगळं सांगितलं. चिंच, बाऊल, पाऊण तास. काय लिहीत होतो तेवढं गाळलं.

वहिनींचा चेहरा उतरला. मला वाटलं, आता बोलणार. पण त्या किचनकडे गेल्या आणि डबा घेऊन आल्या. तसाच. रुमालाची गाठही सुटलेली नव्हती.

"अगं, काय सांगू," त्या बायकोला म्हणाल्या. "आल्यापासून जेट लॅग, मग धुणं, मग ह्याच्या बॅगा. रोज म्हणतेय, आज मांडते, आज मांडते. लाज वाटतेय मला."

म्हणजे माझ्या सासूबाईंची अन्नपूर्णा छत्तीस वर्षांनी पहिल्यांदा बाहेर पडली आणि चार दिवस डब्यात बसून राहिली. मला हसू आवरेना, पण बायको हसली नाही. तिने रुमाल सोडला, पळीच्या टोकावर अंगठा फिरवला, आणि तिला मुठीत धरून वहिनींसमोर सोफ्यावर बसली.

"तुझी इथे ठेवलीय बघ," तिने पर्समधून दुसरी काढून टीपॉयवर ठेवली. "आता एक काम कर माझं. आमचे देव ठेवशील? दहा दिवस."

वहिनींना क्षणभर समजलंच नाही. मलाही नाही. "का गं? कोणी सीरियस आहे का इंडियात?"

"नाही. आम्ही फिरायला जाणार आहोत."

शेजारी बॅगेची झिप लावता लावता थांबला. "कुठे?" त्याने मला विचारलं.

मी बायकोकडे बघितलं.

"आधी तारीख सांग," बायको वहिनींना म्हणाली.

वहिनींनी फोन काढला. "मे? नाही गं, मेमध्ये आम्ही क्रोएशियाला. ऑगस्टमध्ये आइसलँड."

"ऑगस्ट-सप्टेंबर मलाही नको, गणपती येतात. पुढे नवरात्र."

"जून? जूनचा दुसरा आठवडा आम्ही घरी आहोत. सक्तीने. ह्याच्या गुडघ्याचं बघायचंय."

"दुसरा आठवडा चालेल."

"आणि रोज न्हाऊ घालीन, शप्पथ," वहिनी म्हणाल्या. "डबा उघडीन."

"दूधही दाखव. आमच्यांना सवय आहे."

शेजारी एव्हाना माझ्या शेजारी येऊन बसला होता. "लिस्बनला जा," तो म्हणाला. "मी तुला ते अकरा खोल्यांचं देतो. मालकाशी माझी ओळख आहे. माझं नाव सांग, टेरेसची खोली देतील."

त्याचं नाव सांगून मिळालेल्या टेरेसवर त्याच्याच खुर्चीत बसलेला मी मला दिसलो. "नको," मी म्हटलं. "आम्ही मोटेल शोधू."

"अहो," बायको म्हणाली, "लिहून घ्या. नाव नीट लिहून घ्या."

मी खिशातून पेन काढलं आणि त्याच्याकडे कागद मागितला.